आपत्कालीन वाहनांवरील दिव्यांचे रंग : कायदा, शास्त्र आणि व्यवहार

पूर, भूकंप, दरड कोसळणे किंवा आग यांसारख्या प्रसंगी घटनास्थळी धावणाऱ्या शासकीय वाहनांच्या टपावर लाल, निळा आणि पांढरा अशा तीन रंगांचा लुकलुकणारा दिवा दिसतो. भारतात या बहुरंगी दिव्याचा संबंध वाहनात बसलेल्या व्यक्तीच्या पदाशी नसून, ते वाहन त्या वेळी करीत असलेल्या कामाशी आहे. १ मे २०१७ पासून ही व्यवस्था लागू आहे. त्यापूर्वी अनेक दशके वाहनावरील दिवा हे सत्तेचे चिन्ह मानले जात होते. हा बदल कसा झाला, तीन रंगांचा उपयोग काय आणि जिल्हा किंवा महापालिका पातळीवरील आपत्ती व्यवस्थापनाच्या वाहनांना कोणते नियम लागू होतात, याची माहिती या लेखात दिली आहे.

मूळ नियम : पुढे लाल दिवा नको

वाहनांवरील दिव्यांसंबंधीची मुख्य तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०८ मध्ये आहे. कोणत्याही मोटार वाहनाने पुढील बाजूस लाल दिवा दाखवू नये आणि मागील बाजूस लाल रंगाखेरीज अन्य रंगाचा दिवा दाखवू नये, हे या नियमाचे मूळ सूत्र आहे. मागे जाताना लागणारा पांढरा दिवा, दिशादर्शक दिवे, क्रमांकाच्या पाटीवरील दिवा असे काही आवश्यक अपवाद त्याला आहेत.

या सूत्रामागील कारण साधे आहे. रात्रीच्या अंधारात समोरचे वाहन आपल्याकडे येत आहे की आपल्यापासून दूर जात आहे, हे चालकाला केवळ दिव्याच्या रंगावरून ओळखावे लागते. पांढरा दिवा दिसला तर वाहन समोरून येत आहे आणि लाल दिवा दिसला तर ते आपल्या पुढे त्याच दिशेने जात आहे, असा सर्वसाधारण समज रस्त्यावर रूढ असतो. पुढील बाजूस लाल दिवा लावला तर हा समज मोडतो आणि समोरचा चालक क्षणभर गोंधळतो किंवा थबकतो. आपत्कालीन वाहनांना मुद्दाम दिलेली सवलत याच गुणावर आधारलेली आहे. नेहमीच्या नियमाला अपवाद असलेला दिवा दिसताच इतरांचे लक्ष वेधले जाते. मात्र अपवाद अपवादाइतकाच राहिला, तरच त्याचा उपयोग होतो. प्रत्येक दहावे वाहन लुकलुकता दिवा लावून धावू लागले, तर रुग्णवाहिकेच्या दिव्याकडेही कोणी मान वळवून पाहणार नाही.

लाल दिव्याची गाडी

नियम १०८ मध्ये लाल दिव्यासाठी काही अपवाद होते. त्यांपैकी एक अपवाद रुग्णवाहिकेचा होता. रुग्ण वाहून नेणाऱ्या वाहनाला जांभळ्या काचेचा लुकलुकणारा लाल दिवा लावण्याची मुभा देण्यात आली होती. दुसरा अपवाद मान्यवरांच्या वाहनांचा होता. कोणत्या मान्यवरांच्या वाहनावर लाल दिवा असावा, हे ठरविण्याचा अधिकार केंद्र आणि राज्य सरकारांना होता. संबंधित मान्यवर वाहनात नसतील तेव्हा दिवा बंद ठेवून त्यावर काळे आवरण घालावे, अशी अटही नियमात होती.

प्रत्यक्षात मान्यवरांच्या याद्या लांबत गेल्या. राज्याराज्यांतील अधिसूचनांमध्ये विविध मंडळांचे, महामंडळांचे आणि समित्यांचे पदाधिकारी समाविष्ट झाले. मराठीत ‘लाल दिव्याची गाडी मिळणे’ हा मंत्रिपद किंवा त्या दर्जाचे पद मिळण्याचा समानार्थी शब्दप्रयोग बनला. महाराष्ट्रात लाल दिव्याबरोबरच अधिकाऱ्यांच्या वाहनावरील पिवळसर अंबर दिवाही लोकांच्या परिचयाचा झाला. पुढे बोलीभाषेत कोणत्याही सरकारी दिव्याला सरसकट ‘अंबर दिवा’ म्हटले जाऊ लागले. वाहतुकीला सावध करण्यासाठी योजलेले साधन अशा रीतीने प्रतिष्ठेच्या शब्दकोशात जाऊन बसले.

सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय

‘अभय सिंह विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य’ या प्रकरणात १० डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर महत्त्वाचा निर्णय दिला. न्यायमूर्ती जी. एस. सिंघवी आणि न्यायमूर्ती सी. नागप्पन यांच्या खंडपीठाने लाल दिव्याचा वापर उच्च घटनात्मक पदांवरील व्यक्तींपुरता मर्यादित केला. राज्य सरकारांना ही यादी मनाला येईल तशी वाढवता येणार नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले.

आपत्कालीन सेवांच्या दृष्टीने या निर्णयातील दुसरा भाग अधिक महत्त्वाचा होता. रुग्णवाहिका, अग्निशमन दल, तातडीची दुरुस्ती करणारी पथके तसेच बंदोबस्ताची किंवा ताफ्याच्या अग्रभागी चालणारी पोलिसांची वाहने यांना लाल दिवा वापरता येणार नाही, परंतु निळा, पांढरा किंवा बहुरंगी असा अन्य दिवा वापरता येईल, असे न्यायालयाने सांगितले. मान्यवरांचा दिवा आणि सेवेचा दिवा यांच्यात रंगाने भेद करण्याचा हा प्रयत्न होता. नियमभंगासाठी असलेल्या दंडाची रक्कम अपुरी असल्याकडेही न्यायालयाने लक्ष वेधले. त्या काळी मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ मधील सर्वसाधारण तरतुदीनुसार पहिल्या गुन्ह्यासाठी १०० रुपयांपर्यंत आणि त्यानंतरच्या गुन्ह्यासाठी ३०० रुपयांपर्यंत दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या रकमा अनुक्रमे ५०० आणि १,५०० रुपये झाल्या.

१ मे २०१७ पासूनची व्यवस्था

केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०१७ रोजी पुढचे पाऊल टाकले. मान्यवरांच्या याद्या ठरविण्याचा केंद्र आणि राज्य सरकारांचा अधिकारच नियमातून वगळण्यात आला. १ मे २०१७ पासून राष्ट्रपती, प्रधानमंत्री, राज्यपाल, मुख्यमंत्री, मंत्री आणि न्यायाधीश यांच्यासह कोणाच्याही वाहनावर पदामुळे लाल दिवा राहिला नाही.

त्याच वेळी नियमात लाल, निळा आणि पांढरा असा बहुरंगी दिवा आपत्कालीन आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या नेमून दिलेल्या कामांसाठी ठेवण्यात आला. ही कामे पुढीलप्रमाणे आहेत :

१. आगीवर नियंत्रण मिळविण्याचे काम.

२. पोलीस, संरक्षण दले किंवा निमलष्करी दले यांच्याकडून होणारे कायदा आणि सुव्यवस्था राखण्याचे काम.

३. भूकंप, पूर, दरड कोसळणे, चक्रीवादळ आणि त्सुनामी यांसारख्या नैसर्गिक आपत्तींचे, तसेच आण्विक, रासायनिक आणि जैविक अशा मानवनिर्मित आपत्तींचे व्यवस्थापन.

या यादीत एकाही पदाचे नाव नाही. जिल्हाधिकारी, आयुक्त, तहसीलदार किंवा महापौर असा उल्लेख त्यात आढळत नाही. वाहन नेमून दिलेल्या कामावर नसेल, तेव्हा बहुरंगी दिवा वापरू नये, असे बंधनही त्यासोबत आहे. कोणकोणत्या प्राधिकरणांना या दिव्याची परवानगी देण्यात आली आहे, याची यादी राज्याच्या परिवहन विभागाने दरवर्षी जाहीर सूचनेद्वारे जनतेसमोर ठेवणे अपेक्षित आहे. त्यामुळे एखाद्या वाहनावरील दिवा अधिकृत आहे की नाही, हे विचारण्याचा आधार सामान्य नागरिकालाही मिळाला आहे.

तीन रंगांचे प्रयोजन

रंगांची ही निवड केवळ शोभेसाठी नाही. मानवी डोळ्याची रंगसंवेदना प्रकाशाच्या प्रमाणानुसार बदलते. भरपूर उजेडात डोळा सुमारे ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे पिवळसर हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतो. अंधारात ही संवेदना सुमारे ५०७ नॅनोमीटरकडे, म्हणजे निळसर हिरव्या रंगाकडे सरकते. एकोणिसाव्या शतकातील चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. संध्याकाळ होताच बागेतील लाल फुले काळवंडलेली आणि निळी फुले उजळ वाटू लागतात, त्याचे कारण हेच आहे. त्यामुळे रात्रीच्या वेळी निळा दिवा लाल दिव्यापेक्षा अधिक ठळक भासतो.

लाल रंगाचे वेगळे बलस्थान आहे. ‘थांबा’ आणि ‘धोका’ हा त्याचा अर्थ लहानपणापासून मनावर ठसलेला असतो. परंतु वाहनांच्या गर्दीत पुढे शेकडो लाल दिवे आधीच पेटलेले असतात. ब्रेक लावलेल्या गाड्यांच्या रांगेत आणखी एक लाल दिवा सहज हरवून जातो. निळा रंग वाहनांच्या नेहमीच्या दिव्यांमध्ये नसल्याने तो वेगळा उठून दिसतो. पांढऱ्या प्रकाशात सर्व तरंगलांबींचे मिश्रण असते आणि त्याची झळक भर दुपारच्या उन्हातही जाणवू शकते. एक रंग ज्या परिस्थितीत कमी पडतो, तेथे दुसरा उपयोगी ठरावा, हा तिन्ही रंग एकत्र वापरण्याचा लाभ आहे.

लाल प्रकाश धुक्यातून अधिक दूर जातो, अशी एक प्रचलित समजूत आहे. हवेतील सूक्ष्म रेणूंमुळे होणारे विकिरण लाल प्रकाशाच्या बाबतीत कमी असते, हे खरे आहे. मात्र धुक्याचे आणि पावसाचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बरेच मोठे असतात आणि ते सर्व रंगांचे विकिरण जवळपास सारखेच करतात. म्हणून मुसळधार पावसात केवळ रंगावर भिस्त ठेवता येत नाही. दिव्याची तीव्रता, उंची, लुकलुकण्याची गती आणि चालकाने राखलेला वेग या गोष्टी तितक्याच महत्त्वाच्या ठरतात. अतिशय प्रखर दिवे हाही एक प्रश्न आहे. वाहन घटनास्थळी उभे असताना तेच दिवे रात्री समोरून येणाऱ्या चालकाचे डोळे दिपवतात आणि वाहनाभोवती काम करणारा जवान त्या चालकाला दिसेनासा होऊ शकतो.

जिल्हा आणि महापालिका पातळीवर

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असते आणि जिल्हाधिकारी त्याचे पदसिद्ध अध्यक्ष असतात. महापालिका, नगरपालिका आणि पंचायती यांच्यावरही या कायद्याने जबाबदाऱ्या सोपविल्या आहेत. २०२५ मधील दुरुस्तीने राज्यांच्या राजधान्या आणि महापालिका असलेल्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन करण्याची तरतूद केली. आपत्तीच्या कामावर धावणारी स्थानिक वाहने यापुढे अधिक संख्येने रस्त्यावर दिसण्याची शक्यता त्यामुळे वाढली आहे.

अशा वाहनांची मोठी अडचण म्हणजे त्यांच्या कामाचे स्वरूप दिवसागणिक बदलते. अग्निशमन दलाचा बंब बाहेर पडतो तो बहुधा आपत्कालीन कामासाठीच. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाची जीप मात्र सकाळी बैठकीला, दुपारी शाळेतील रंगीत तालमीला आणि रात्री पूरग्रस्त गावात जाऊ शकते. नियमाच्या भाषेत यांपैकी केवळ शेवटचा प्रवास दिव्याला पात्र आहे. तेव्हा दिवा लावण्याचा किंवा विझवण्याचा निर्णय प्रत्येक फेरीच्या वेळी घ्यावा लागतो आणि तो घेणाऱ्या चालकाला तशी स्पष्ट सूचना असणे आवश्यक ठरते.

दुसरी अडचण नेमकी उलट आहे. मोठ्या आपत्तीत ज्या वाहनांवर कोणताही दिवा नसतो, त्यांनाही तातडीने वाट मिळावी लागते. २०१८ च्या केरळमधील महापुरात मच्छीमारांनी आपल्या बोटी मालमोटारींवर चढवून पाण्याने वेढलेल्या भागांत नेल्या होत्या. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर आणि सांगलीच्या महापुरात पुणे-बंगळूरु महामार्ग पाण्याखाली गेल्याने काही दिवस बंद राहिला. अशा वेळी पाण्याचे टँकर, माती उपसणारी यंत्रे, वीजवाहिन्या दुरुस्त करणाऱ्या पथकांची वाहने आणि औषधांच्या गाड्या या सर्वांची निकड रुग्णवाहिकेसारखीच असते. आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणाला आपत्तीग्रस्त भागातील वाहतूक नियंत्रित करण्याचा, तसेच बचावकार्यासाठी खासगी वाहने अधिग्रहित करण्याचा अधिकार दिला आहे. दिव्याने जे साधत नाही, ते येथे रस्त्यावरील पोलीस आणि नियंत्रण कक्षाच्या समन्वयाने साधावे लागते.

दिवा लावल्यावर मिळणारी सवलत

मोटार वाहन (चालन) विनियम, २०१७ मध्ये आपत्कालीन वाहनांचा प्राधान्यक्रम दिला आहे. त्यात प्रथम अग्निशमन सेवा, नंतर रुग्णवाहिका आणि त्यानंतर पोलीस असा क्रम आहे. वीज, पाणीपुरवठा यांसारख्या अत्यावश्यक सेवांच्या तातडीच्या कामासाठी नेमलेली वाहने त्यापुढे येतात. दिवा आणि भोंगा सुरू असताना या वाहनांना लाल सिग्नल ओलांडणे किंवा वेगमर्यादेपेक्षा अधिक वेगाने जाणे अशा सवलती मिळतात. तथापि इतरांच्या जीविताला धोका होणार नाही, ही काळजी घेण्याची जबाबदारी आपत्कालीन वाहनाच्या चालकावर कायम राहते. दिवा वाट मागतो, पण समोरची वाट मोकळी झाली आहे याची खात्री चालकालाच करून घ्यावी लागते.

इतर चालकांवरील बंधन अधिक कडक आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात समाविष्ट झालेल्या कलम १९४-ई नुसार अग्निशमन वाहन, रुग्णवाहिका किंवा शासनाने निर्दिष्ट केलेल्या अन्य आपत्कालीन वाहनाला वाट न दिल्यास ६ महिन्यांपर्यंत कारावास, १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

अन्य देशांतील पद्धती

दिव्यांच्या रंगाबाबत जगभर एकच नियम नाही. जर्मनीने १९३० च्या दशकाच्या अखेरीस निळा दिवा स्वीकारला आणि युरोपातील बहुतेक देशांत आज तोच रूढ आहे. ब्रिटनमध्ये पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका यांना निळा दिवा असतो, तर तातडीच्या भेटीला निघालेल्या नोंदणीकृत डॉक्टरांना हिरवा दिवा लावता येतो. या हिरव्या दिव्याने सिग्नल तोडण्याची सवलत मात्र मिळत नाही. जपानमध्ये आपत्कालीन वाहनांचा दिवा लाल असतो.

अमेरिकेत हा विषय प्रत्येक राज्याच्या कायद्यावर सोपविलेला आहे. त्यामुळे राज्याची सीमा ओलांडताच एकाच रंगाचा अर्थ बदलू शकतो. कॅलिफोर्नियात निळा दिवा पोलिसांची ओळख आहे. न्यूयॉर्क राज्यात मात्र स्वयंसेवक अग्निशामकाच्या खासगी मोटारीवर निळा आणि रुग्णवाहिकेच्या स्वयंसेवकाच्या मोटारीवर हिरवा दिवा असू शकतो. तेथे असा दिवा म्हणजे वाट देण्याची विनंती मानली जाते. अनेक अमेरिकी अग्निशमन दलांत घटनास्थळी नियंत्रण केंद्र म्हणून उभ्या असलेल्या वाहनावर हिरवा दिवा लावण्याची प्रथा आहे. दहा-बारा लुकलुकत्या वाहनांच्या गर्दीत नव्याने पोहोचलेल्या पथकाला आदेश कोणाकडून घ्यावयाचे, हे त्यावरून चटकन कळते.

विमानतळांच्या धावपट्टी परिसरात मात्र आंतरराष्ट्रीय एकवाक्यता आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकांनुसार तेथील आपत्कालीन आणि सुरक्षा वाहनांवर लुकलुकणारा निळा, तर अन्य वाहनांवर पिवळा दिवा असतो.

विश्वास टिकविण्याचा प्रश्न

नियम स्पष्ट असूनही दिव्याचे आकर्षण संपलेले नाही. २०२४ मध्ये पुण्यात एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या खासगी मोटारीवरील दिव्यावरून देशभर चर्चा झाली. खासगी वाहनांवर हौसेने बसविलेले लाल-निळे लुकलुकणारे दिवे अनेक शहरांत दिसतात. अशा प्रत्येक दिव्याची किंमत दुसरेच कोणी मोजत असते. खोट्या दिव्याला दोन-तीनदा वाट दिल्यानंतर चालकाच्या मनात शंका घर करते. मग खरा बंब मागे आला तरी तो आधी आरशात पाहून गाडीत कोण बसले आहे, याचा अंदाज घेऊ लागतो. आगीच्या किंवा हृदयविकाराच्या प्रसंगी हे काही क्षणही मोलाचे असतात.

नागरिकांनी करावयाच्या गोष्टी मोजक्या आहेत. बहुरंगी दिवा किंवा भोंगा जाणवताच अचानक ब्रेक न लावता इशारा देऊन वाहन रस्त्याच्या बाजूला घ्यावे. चौकात असल्यास चौक मोकळा करून मग थांबावे. आपत्कालीन वाहनामागे आपले वाहन दामटून गर्दीतून वाट काढू नये. घटनास्थळी दिवा लावून उभ्या असलेल्या वाहनाजवळून जाताना वेग कमी करावा, कारण त्याच्या पलीकडे रस्त्यावर माणसे काम करीत असण्याची शक्यता असते. आपल्या वाहनावर असा कोणताही दिवा बसवू नये.

पुराच्या रात्री वीज गेलेली असते आणि घराच्या गच्चीवर बसलेल्या कुटुंबाला दूरवर लाल, निळा आणि पांढरा प्रकाश लुकलुकताना दिसतो. त्या प्रकाशाचा अर्थ ‘मदत येत आहे’ एवढाच असला पाहिजे. २०१७ च्या नियमबदलाने दिव्याला हा अर्थ दिला. तो टिकविण्याचे काम दिवा लावणाऱ्या यंत्रणांचे आणि त्याला वाट देणाऱ्या नागरिकांचेही आहे.